जगणं शाळेत येतं आणि त्याचा विषय होतो

ठाण्याच्या कोपरीतला मीठबंदर रस्ता संपतो तिथे खाडी लागते. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी आमच्या सोसायटीतली सातवीची चार मुलं घेऊन मी तिथे गेलो होतो. काठावर ओढून ठेवलेल्या होडीपाशी एक कोळी आजोबा जाळं दुरुस्त करत बसले होते. मुलांनी विचारलं, ‘‘आजोबा, पाणी पूर्ण कधी भरणार?’’ आजोबांनी घड्याळ पाहिलं नाही की मोबाइल काढला नाही. म्हणाले, ‘‘आज षष्ठी. साही त्रिक अठरा. अठराचा चौथा हिस्सा साडेचार. साडेचारला समुद्रात भरती पुरी. हितं खाडीत आणखी थोडा वेळ धरा.’’

मुलांपैकी एकीने लगेच वहीत मांडणी केली. सहा गुणिले तीन छेद चार. उत्तर आलं ४.५. मग ती थबकली आणि मला हळूच विचारलं, ‘‘काका, म्हणजे चार वाजून पाच मिनिटं ना?’’ ही मुलगी वर्गात पहिल्या पाचांत असते. अपूर्णांकाच्या घटक चाचणीत तिला वीसपैकी एकोणीस गुण होते.

आम्ही थांबलो. पाणी चढायचं थांबलं तेव्हा साडेपाच वाजत आले होते. आजोबांच्या साडेचारमध्ये आणि आमच्या साडेपाचमध्ये एका तासाचा फरक कुठून आला, हा प्रश्न मुलं घरी घेऊन गेली.

त्या एका तासात किती काय दडलं आहे ते पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला पूर्ण भरती साधारण बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज ती उशिरा येत जाते. तिथीचा पाऊणपट केला की भरतीचा तास मिळतो, हे कोळीवाड्यातलं जुनं सूत्र. पाऊणपट म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटं. पण चंद्राचा हिशेब मांडला, चोवीस तास तीस तिथींत वाटले, तर दर तिथीला ४८ मिनिटं येतात. सूत्र रोज तीन मिनिटांनी मागे पडतं, षष्ठीला अठरा मिनिटांनी आणि पंधराव्या तिथीला पाऊण तासाने. उरलेला बहुतेक वेळ पाण्याला समुद्राच्या तोंडापासून ठाण्यापर्यंत चढत यायला लागतो. मग कोळ्यांनी सोपा पाऊणपट का धरला, नेमका चार-पंचमांश का धरला नाही? कारण पाऊणकी तोंडपाठ असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे जुन्या पंतोजींच्या शाळेत घोकून घेतले जात. चार-पंचमांशाचा पाढा कुणी कधी केला नाही. शिवाय होडी लोटायला पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे चालतात. म्हणजे इथे खगोल आहे, अपूर्णांक आहे, भूगोल आहे, भाषा आहे, गणित-शिक्षणाचा इतिहास आहे आणि ‘किती अचूक असलं म्हणजे पुरेसं’ हा विज्ञानातला फार मोठा प्रश्नही आहे. खाडीला यातलं काहीच वेगवेगळं करून ठेवावं लागलेलं नाही.

शाळेत मात्र हे सगळं चार पुस्तकांत, चार तासिकांत आणि चार शिक्षकांत वाटलेलं असतं. विषयांच्या या भिंती मुलांच्या रोजच्या जगण्याभोवती सैल करता येतील का, हा प्रश्न महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांहून जुना आहे. त्याची उत्तरंही अनेकांनी दिली, आणि त्यातली काही तर आपल्या ठाणे जिल्ह्यातच दिली गेली. तरीही तो सुटलेला नाही. का सुटला नाही, याचं मला दिसणारं कारण एकच आहे. जगणं शाळेच्या दाराशी आलं की आपण त्याचाही एक विषय करून टाकतो, आणि मग त्याला तासिका, पुस्तक, वही आणि गुण लावतो.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करावी लागते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी दिली होती. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. खेड्यातल्या शाळांना शेतीचे धडे प्रत्यक्ष देता यावेत म्हणून छोटं नमुन्याचं शेत असावं, असंही त्यांचं म्हणणं होतं. शूद्रातिशूद्रांच्या पैशावर चाललेलं शिक्षण त्यांच्या जगण्याला शिवत नाही, ही त्यामागची तक्रार होती. विषय एकत्र करण्याची पद्धत त्यांनी सांगितली नाही, पण शिक्षण कुणाच्या जगण्याशी जोडायचं हा मूळ प्रश्न त्यांनीच विचारला. पुढच्या अनेक प्रयोगांत तोच निसटून गेला.

पद्धत सांगितली गांधीजींनी. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि झाकीर हुसेन समितीने तिथल्या विचारांवरून अभ्यासक्रम आखला. त्यात दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं हस्तोद्योगाला दिली होती. टकळीवर सूत काततानाच मोजणी, वजन, कापसाची शेती, मँचेस्टरचा व्यापार आणि कोष्ट्यांचं उद्ध्वस्त होणं हे सगळं शिकायचं. या जोडणीला शब्द होता ‘समवाय’. कल्पना भव्य होती, आजही आहे. हात आणि डोकं वेगळं करणाऱ्या जातिव्यवस्थेच्या मुळावरच तो घाव होता.

पण समवायाला फार हुशार शिक्षक लागतो. तसे शिक्षक थोडे होते. बाकीच्या ठिकाणी समवाय ओढूनताणून होऊ लागला. कापसाचा विषय निघाला म्हणून ईजिप्त, ईजिप्त निघालं म्हणून पिरॅमिड, पिरॅमिड निघाला म्हणून त्रिकोण. काही शाळांत याच्या उलट झालं, नुसतं सूत राहिलं आणि शिक्षण मागे पडलं. शहरातल्या मुलांसाठी इंग्रजी शाळा आणि खेड्यातल्यांसाठी टकळी, अशी वाटणी पालकांना दिसू लागल्यावर त्यांनी पाठ फिरवली. मुलाला हायस्कुलात घालायचं तर परीक्षा दुसऱ्याच गोष्टींची होती, आणि ते पालकांना सरकारच्या आधी कळलं. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत ‘नई तालीम’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजही जिवंत आहे. राज्यभराची पद्धत म्हणून ती टिकली नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. पालघर वेगळा जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला; त्याआधी बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यात होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाईंनी माँटेसरीचं शिक्षण आत्मसात केलं होतं, पण माँटेसरीची साधनं महाग होती आणि वारली पाड्यातल्या मुलाला परकीही. म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, मातीची भांडी हीच साधनं केली. शाळेत मूल येत नाही असं दिसलं तेव्हा शाळा पाड्याच्या अंगणात नेली. आज देशभर रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या कामातून पुढे आला.

त्यापुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. थोडी मोठी मुलं गुरं घेऊन रानात जात, त्यामुळे ती शाळेत येणं शक्यच नव्हतं. तेव्हा शिक्षकच गुरांमागे कुरणात गेले. ही कुरणशाळा. गुरं चरत असताना झाडाच्या सावलीत मोजणी, गोष्ट, गाणं आणि पानांची ओळख चाले. यात ‘जीवनाशी जोडलेला अभ्यासक्रम’ असं नाव असलेला एकही कागद नव्हता. मूल जिथे होतं तिथे शिक्षक गेला, आणि तिथे जे होतं त्यातून शिकवू लागला. या लेखात पुढे येणाऱ्या सगळ्या योजना या एका कृतीच्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

स्वातंत्र्यानंतर सरकारनेही हा प्रश्न वारंवार उचलला. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ‘कार्यानुभव’ सुचवला, आणि त्यात हेतू होता काम आणि ज्ञान यांची सांगड घालण्याचा. वेळापत्रकात आल्यावर तो आठवड्यातल्या दोन तासिकांचा विषय झाला. माझ्या पिढीने त्यात खडू केले, मेणबत्त्या केल्या, उदबत्त्या वळल्या. खडू म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, त्यात पाणी घातल्यावर ते गरम का होतं आणि घट्ट का होतं हे रसायनशास्त्राच्या तासिकेत कुणी विचारलं नाही, कारण खडू हा विज्ञानाचा विषय नव्हता, कार्यानुभवाचा होता. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ आणलं. पुढे मूल्यशिक्षणाची तासिका आली. पर्यावरण मुलांना कळावं म्हणून पर्यावरण शिक्षण हा विषय झाला. पाण्याचा प्रश्न गंभीर झाला म्हणून २०२० पासून माध्यमिक वर्गांना जलसुरक्षा हा विषय आला, पुस्तक आलं, उपक्रमाची वही आली. शिक्षण आनंददायी नाही असं दिसलं म्हणून २०२४ मध्ये आनंददायी शनिवार आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आणि सुतार, माळी, कुंभार यांच्याबरोबर काम करण्याची सोय सुचवली.

यातली एकही कल्पना वाईट नाही. प्रत्येकीच्या मागे कळकळीची माणसं आहेत. पण एकत्र मांडल्या की त्यांचा साचा दिसतो. गणितात पाणी येत नाही म्हणून पाण्याचा वेगळा विषय करायचा, आणि गणित होतं तसंच कोरडं ठेवायचं. शनिवार आनंदाचा केला की सोमवार ते शुक्रवारकडे पुन्हा पाहायची गरज उरत नाही. जोडण्यासाठी आणलेली प्रत्येक गोष्ट वेळापत्रकात आणखी एक चौकोन होते, आणि शिक्षकाच्या टाचणवहीत आणखी एक रकाना.

‘प्रकल्प’ या शब्दाचं काय झालं ते तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. विल्यम किलपॅट्रिकने १९१८ मध्ये प्रकल्प पद्धती मांडली तेव्हा त्यात मुलाने स्वतः ठरवलेला हेतू हा गाभा होता. आज कोपरीतल्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात रात्री नऊ वाजता जावं. ‘जलप्रदूषणाची चित्रं द्या’, ‘वाहतुकीची साधनं द्या’ असं म्हणत पालक उभे असतात. तयार चित्रांचे तक्ते मिळतात, ते आई कापते, बाबा चिकटवतात आणि मूल झोपलेलं असतं. जलप्रदूषणाचा प्रकल्प लिहिणाऱ्या मुलाच्या घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे आणि तिचा वास खिडकीतून येतो. वहीतलं चित्र मात्र कुठल्या तरी भलत्याच नदीचं असतं.

एक गोष्ट मात्र टिकली आणि तिचं श्रेय द्यायला हवं. तिसरी ते पाचवीच्या वर्गांना आपल्याकडे ‘परिसर अभ्यास’ आहे, आणि विज्ञान, भूगोल, नागरिकशास्त्र तिथे बऱ्यापैकी एकत्र नांदतं. तिसरीचं पुस्तक तर बालभारतीने जिल्हावार काढलं. आपल्या जिल्ह्याचं पुस्तक हातात असणं ही आठ वर्षांच्या मुलासाठी मोठी गोष्ट आहे, आणि इतक्या मोठ्या राज्यात ती करून दाखवणं हेही सोपं नव्हतं. अडचण सहावीत सुरू होते. तिथे परिसर संपतो आणि विषय सुरू होतात. जणू अकराव्या वर्षी मूल परिसरातून उठून दुसरीकडे राहायला जातं. दुसरीकडे, २०२३-२४ मध्ये दप्तराचं ओझं कमी करण्यासाठी अनेक विषय एका पुस्तकात बांधून ते भागांत दिले गेले. पाठीला आराम मिळाला, तेवढं बरं झालं. पण एका बांधणीत आले म्हणून विषय एकमेकांशी बोलू लागले नाहीत.

सरकारी चौकटीबाहेर महाराष्ट्रात जे झालं त्यावर खरं तर वेगळा लेख हवा. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं. पुण्यात १९९२ पासून अक्षरनंदन आहे, डहाणू तालुक्यात ऐन्याला ग्राममंगलचं काम आहे. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथल्या शालेय अभ्यासक्रमात मुलं कार्यशाळेतलं काम, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि घर-आरोग्य अशी चारही क्षेत्रं हाताने शिकतात आणि गावाला लागणाऱ्या सेवाही देतात. वेल्डिंग करताना कोन चुकला तर दरवाजा लागत नाही, आणि मग भूमिती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. या सगळ्या शाळा एक गोष्ट निर्विवाद सिद्ध करतात, की हे होऊ शकतं. त्यांची मर्यादाही एकच आहे. तिथे शिक्षक निवडलेले आहेत, त्यांना एकत्र बसायला वेळ आहे आणि मुलांची संख्या आवाक्यातली आहे.

अनुभवातून शिकलेलं पक्कं असतं हे आपण गृहीत धरतो. संशोधन काय सांगतं? १९८५ मध्ये ब्राझीलच्या रेसीफे शहरात तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ-भाजी विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला. गिऱ्हाईक होऊन विचारलेले हिशेब मुलांनी ९८ टक्के बरोबर केले. तेच हिशेब शाळेसारखे शाब्दिक उदाहरण करून दिले तेव्हा ७४ टक्के बरोबर आले, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. एका मुलाने दहा नारळांची किंमत काढताना पस्तीसला दहाने गुणलं नाही. तीन नारळांचे एकशे पाच, आणखी तीन, आणखी तीन, वर एक, अशी बेरीज केली. दहाने गुणताना शून्य लावायचं ही युक्ती त्याला ठाऊक नव्हती, पण नारळाचे ढीग मात्र त्याच्या हातातले होते.

चाळीस वर्षांनी, २०२५ मध्ये, अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीतला अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. बाजारात काम करणारी १,४३६ मुलं त्यांनी पाहिली. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब ती तोंडी करत, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी उदाहरणं त्यांना येत नव्हती. शेजारच्या शाळांतल्या, बाजाराचा अनुभव नसलेल्या ४७१ मुलांची गत उलटी होती. बाजारातल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी सोडवलेला व्यवहारी प्रश्न शाळेतल्या फक्त एक टक्का मुलांना सुटला. खाडीवर ४.५ चं ‘चार वाजून पाच मिनिटं’ करणारी माझी शेजारची मुलगी त्या नव्याण्णव टक्क्यांतली. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या अरिंदम बोस आणि के. सुब्रमण्यम यांनी धारावीतल्या मुलांचं शाळेबाहेरचं गणित अभ्यासलं. तिथेही घरोघरच्या उद्योगांतून मुलांकडे माप, पैसा आणि प्रमाण यांचं बरंच ज्ञान होतं, आणि शाळेला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे एकात्म शिक्षणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही भाबडं राहून चालणार नाही. अनुभव आपोआप ज्ञान होत नाही आणि ज्ञान आपोआप अनुभवाला लागू पडत नाही. मध्ये पूल बांधावा लागतो, तोही दोन्ही बाजूंनी. कोळी आजोबांचं सूत्र कळलं म्हणजे शिक्षण झालं असं नाही. त्यातलं तीन मिनिटांचं रोजचं अंतर पकडायला वर्गातलंच गणित लागतं. आणि ते गणित कशासाठी शिकायचं ते कळायला खाडीवर जावं लागतं. २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना पट्टीवर वस्तू ठेवून लांबी विचारली होती. वस्तू शून्यावर ठेवली तेव्हा ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू पट्टीवर पुढे सरकवली, तर फक्त ३९ टक्के. सुताराच्या हाताखाली एक आठवडा घालवलेला मुलगा ही चूक करेल असं मला वाटत नाही.

आक्षेपांकडेही प्रामाणिकपणे पाहायला हवं, कारण त्यातला एक मला फार गंभीर वाटतो. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी योजना आणली, अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा व्यवसाय. ऐकायला ती जीवनाशी जोडलेलीच होती. पण न्हाव्याच्या मुलाने न्हाव्याचं आणि चांभाराच्या मुलाने चांभाराचं काम शिकायचं असा तिचा अर्थ निघत होता. तामिळ समाजाने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, म्हणून झिडकारलं. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना मोडीत काढली. ठीक केलं. कोळीवाड्यातल्या मुलाला ‘तुझ्या अनुभवातून शिक’ म्हणत मासळीतच ठेवणं हे शिक्षण नाही. भरतीचं सूत्र सगळ्या वर्गाने शिकावं आणि कोळीवाड्यातल्या मुलाने त्यातून खगोलशास्त्रापर्यंत जावं, एवढं तरी त्यात असायला हवं.

याच्याच शेजारी दुसरा प्रश्न आहे, अनुभव कुणाचा. पाठ्यपुस्तकातलं ‘रोजचं जीवन’ बहुतेक वेळा एका विशिष्ट घरातलं असतं. तिथे वरण-भात असतो, आईबाबा आणि दोन मुलं असतात, सुट्टीत मामाचा गाव असतो. कोपरीत फाळणीनंतर वसलेली सिंधी कुटुंबं आहेत, कोळीवाडा आहे, आगरी घरं आहेत, साताऱ्या-कोकणातून आलेली माणसं आहेत, उत्तरेतून आलेले रिक्षावाले आहेत. एका वर्गात हे सगळं बसलेलं असतं. आमच्याकडे ‘आगर’ या शब्दावरून ‘आगरी’ आला, मिठागरांवरून मीठबंदर आलं, आणि सिंधमधल्या कराची-हैदराबादच्या आठवणी घेऊन आलेल्या घरांत पापड आले. हा इतिहास शेजारच्या बाकावर आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात लुईस मोल आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत मला इथे सगळ्यात उपयोगी वाटते. तिथे शिक्षक मुलांच्या घरी संशोधक म्हणून गेले. घरात कोणती कामं, कोणती कौशल्यं, कोणती माहिती आहे ते त्यांनी टिपलं. एक मुलगा मेक्सिकोची मिठाई विकतो असं कळलं, तेव्हा मिठाईवर पूर्ण घटक आखला गेला आणि एका मुलाच्या आईने वर्गात येऊन ती करून दाखवली. आई वर्गात शिक्षक म्हणून उभी राहिली, हे त्या घटकातलं सगळ्यात मोठं शिक्षण.

तिसरा आक्षेप समाजशास्त्रज्ञांचा. बेसिल बर्नस्टाईन यांनी १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की विषयांच्या भिंती सैल केल्या की शिक्षकावरचा भार वाढतो, आणि नियम न सांगता खेळ सुरू झाला की तो खेळ आधीपासून येणाऱ्या घरांतली मुलंच पुढे जातात. हे खरं आहे. फिनलंडनेही विषय मोडले नाहीत. २०१६ पासून तिथे प्रत्येक शाळेने वर्षातून निदान एक बहुविषयी घटक घ्यायचा असं ठरलं आहे. बाकी वर्ष गणित गणितच असतं. आपल्याकडे ‘फिनलंडने विषय रद्द केले’ असं जे पसरलं, ते चुकीचं आहे.

आणि अनुभवही आता बदललाय, ही गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. आमच्या लहानपणी दुकानातून सुट्टे पैसे मोजून आणणं हा रोजचा गणिताचा तास होता. आता कोथिंबिरीची जुडीसुद्धा मोबाइलवर पैसे देऊन येते. मुलाच्या हातात नाणं येतच नाही. पुस्तकातली ‘रामूने शंभराची नोट दिली’ ही उदाहरणं त्याला आता ग्रामोफोनइतकी जुनी वाटतात. तेव्हा आजच्या मुलाचं जगणं काय ते पुन्हा शोधायला हवं. महावितरणचं बिल घ्या. पहिली शंभर युनिटं एका दराने, तीनशेपर्यंतची दुसऱ्या, त्यापुढची आणखी चढ्या दरांनी. उन्हाळ्यात वापर दीडपट झाला तर बिल दीडपटीहून जास्त का येतं, या एका प्रश्नात सातवीचं गणित, विजेचं विज्ञान आणि गरिबाला स्वस्त वीज का द्यायची हे नागरिकशास्त्र आहे. आणि बिल प्रत्येक घरात येतं.

ठाण्यातच, रेल्वेच्या पलीकडे, तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते. समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महानगरपालिका यांनी कंटेनरमध्ये ती उभी केली, सिग्नलवर गजरे-खेळणी विकणाऱ्या मुलांसाठी. कुरणशाळेनंतर काही दशकांनी त्याच जिल्ह्यात पुन्हा शाळाच मुलापर्यंत गेली. सिग्नल लाल असेपर्यंत सौदा पुरा करणारी ही मुलं कोलकात्याच्या त्या मुलांची भावंडंच. त्यांच्या डोक्यातल्या हिशेबातून कागदावरच्या गणितापर्यंतचा पूल कसा बांधला जातो, हे ठाण्यातल्या प्रत्येक डीएड-बीएड महाविद्यालयाने तिथे जाऊन पाहावं. ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने बालविज्ञान परिषदेसाठी मुलांकडून आपल्याच परिसरातल्या प्रश्नांवर अभ्यास करून घेतले, तोही शिकण्यासारखा धडा आहे. फक्त ते सगळं शाळा सुटल्यावर होतं.

माझं मत असं झालं आहे. नवा विषय नको, नवं पुस्तक नको, नवी वही तर मुळीच नको. विषय राहू देत, त्यांची शिस्तही राहू दे. सहामाहीला एक प्रश्न पुरे, पण तो मुलांच्या जगण्यातला असावा, त्याचं उत्तर शिक्षकालाही आधी ठाऊक नसावं आणि तो तीन शिक्षकांनी मिळून घ्यावा. तो संपल्यावर प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयाकडे परत यावं आणि फळ्यावर त्यातलं सूत्र पक्कं करावं. आणि संकलित मूल्यमापनात त्यावर एक खरा प्रश्न असावा, कारण परीक्षेत जे नाही ते आपल्याकडे शाळेतही नसतं. नई तालीम त्यानेच हरली. शिक्षकांना यासाठी प्रशिक्षणापेक्षा वेळ हवा. पोर्टलवर माहिती भरण्यात आणि सर्वेक्षणांत जातो तो वेळ त्यांना परत द्या, पुढचं ते करतील. मी अनेकांना ओळखतो. त्यांना हे शिकवायचंच आहे.

कोपरीतल्या मुख्याध्यापकांना माझी एक विनंती आहे. जूनमध्ये वेळापत्रक लावाल तेव्हा सातवीच्या गणित, भूगोल आणि मराठीच्या तासिका महिन्यातल्या एका शनिवारी सलग लावा आणि तिन्ही शिक्षकांना त्या वेळी दुसरं काम देऊ नका. पंचांग स्वस्तात मिळतं. खाडी चालत वीस मिनिटांवर आहे.